खसखस, मशेरी आणि मॉर्फिन

दिवाळीत अनारशाला जी खसखस लावतात ती अफूच्या झाडाची बी असते. हे सांगितलं की माझ्या टीममधले निम्मे लोक आधी हसतात आणि मग गुपचूप मोबाईलवर खात्री करून घेतात. पण ते खरं आहे. बोंड हिरवं असताना त्याला चिरा दिल्या की जो चीक पाझरतो, तो वाळला की अफू. अफूतून वेगळं काढलेलं एक रसायन म्हणजे मॉर्फिन. मॉर्फिनवर आणखी एक रासायनिक प्रक्रिया केली की हेरॉइन. म्हणजे सणाचा पदार्थ, कॅन्सरच्या रुग्णाचं औषध आणि दहा वर्षांची सक्तमजुरी या तिन्ही गोष्टी एकाच बोंडातून निघतात.

त्यामुळे 'ड्रग्ज चांगले की वाईट' हा प्रश्न मला फार उपयोगाचा वाटत नाही. पदार्थाला नीतिमत्ता नसते. तो कोण घेतंय, किती घेतंय, कशासाठी घेतंय आणि त्यातून कोणाचा खिसा भरतोय, यावर सगळं ठरतं. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. कायदा माणसांनी केलेला असतो, त्यामुळे तो चुकणारच. मग चुकायचंच असेल तर त्याने कोणाच्या बाजूने चुकावं?

आधी एक गैरसमज दूर करू. बेकायदेशीर म्हणजे जास्त घातक आणि कायदेशीर म्हणजे कमी घातक, असं आपण मनाशी धरून चालतो. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात साधारण १६ कोटी लोक दारू पितात आणि साधारण ३ कोटी लोक भांग, गांजा किंवा चरस घेतात. तंबाखूने भारतात दरवर्षी दहा लाखांहून जास्त माणसं मरतात. तरी तंबाखू कोपऱ्यावरच्या टपरीवर मिळते, दारूसाठी परमिट रूम असते, आणि खिशात गांजाची पुडी सापडली तर पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते. त्यातही गंमत अशी, की १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजाची व्याख्या झाडाचे फुलोरे अशी केली आहे. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून त्याच झाडाच्या पानांची भांग या कायद्यातून सुटली आणि तिचं काय करायचं ते राज्यांच्या कायद्यांवर राहिलं.

ही रेषा प्रयोगशाळेत आखली गेलेली नाही. ती इतिहासाने, व्यापाराने आणि आंतरराष्ट्रीय करारांनी आखली. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जात होती आणि त्या व्यापाराच्या पैशावर मुंबईतली मोठमोठी घराणी उभी राहिली. ज्यांच्या देणगीतून जे. जे. रुग्णालय उभं राहिलं ते सर जमशेटजी जीजीभॉय हेही त्याच व्यापारात होते. तेव्हा अफू हा सरकारी महसूल होता. याच ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने हजाराहून जास्त साक्षी नोंदवल्या आणि निष्कर्ष काढला की माफक सेवनाने फारसं नुकसान होत नाही, सरसकट बंदी घालू नये. पुढे १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावर भारताने सही केली, आणि १९८५ मध्ये आपल्या संसदेने एनडीपीएस कायदा केला.

तो कायदा उगाच झाला असंही नाही. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द आली होती. चांगल्या घरातली, गरीब घरातली, कॉलेजातली, झोपडपट्टीतली पोरं तिच्यात बुडाली. अनिल अवचटांचं 'गर्द' हे पुस्तक त्याच काळातलं, आणि पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही १९८६ मधलं. घरातली भांडी विकणारा मुलगा आणि रात्रभर दाराशी बसणारी आई ज्यांनी पाहिली, त्यांना 'कडक कायदा करा' असं वाटणं अगदी समजण्यासारखं आहे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

पण त्या कडक कायद्याचं जाळं इतकं बारीक विणलं गेलं की त्यात भलतेच मासे अडकले. मॉर्फिन ठेवायला, विकत घ्यायला, वाहून न्यायला वेगवेगळे परवाने लागू लागले. ते देणारी खातीही वेगवेगळी आणि प्रत्येकाची मुदतही वेगळी. एखादा परवाना येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली असे. परवान्याच्या अटींचा भंग ठरला तर कमीत कमी शिक्षा तेव्हा दहा वर्षांची होती. अशा वेळी कोणता दुकानदार आणि कोणतं छोटं हॉस्पिटल हे औषध ठेवेल? त्यांनी सरळ ठेवणंच बंद केलं. १९८५ नंतरच्या बारा-तेरा वर्षांत भारतातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घटला. त्याच वेळी मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे आणि राजस्थानात चित्तोडगडकडे सरकारी परवान्याने अफूची शेती चालूच होती. तिथला माल परदेशी औषध कंपन्यांकडे जात होता. आपण जगाच्या वेदना कमी करायला कच्चा माल पुरवत होतो आणि आपल्याकडचा कॅन्सरचा रुग्ण उशी दाताखाली धरून रात्र काढत होता.

हे मी आकड्यांवरून बोलत नाही. माझी मोठी आत्या मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहायची. तिला मशेरीची सवय होती. तव्यावर तंबाखू भाजायची, चुरायची आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना लावायची. तिच्या आईची सवय तिला लागली. गल्लीतल्या बहुतेक बायका लावायच्या, त्यामुळे त्याला कोणी व्यसन म्हणायचं नाही. तंबाखू किराणा दुकानात मीठ-मिरचीबरोबर मिळायची. मी अकरा वर्षांचा असताना तीच मला पाच रुपये देऊन आणायला पाठवायची, आणि दुकानदार एक शब्द विचारत नसे.

२०१९ मध्ये तिच्या गालाच्या आतली जखम भरेना. निदान झालं तेव्हा आजार पसरलेला होता. शेवटचे चार महिने ती घरीच होती. जिल्ह्याच्या ठिकाणचे डॉक्टर भले होते, पण त्यांच्याकडे साध्या वेदनाशामक गोळ्यांपुढे काही नव्हतं. माझा आतेभाऊ मेडिकलची दुकानं पालथी घालत होता. एका दुकानदाराने तर त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो चिठ्ठी खिशात घालून बाहेर आला. शेवटी मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमधून मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या. किंमत अगदी किरकोळ. खर्च झाला तो रात्रभराच्या प्रवासाचा, आणि मधल्या सहा आठवड्यांचा. ते सहा आठवडे कोणत्या हिशोबात धरायचे, हे मला अजून कळलेलं नाही. गोळ्या सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी आत्याने नातवाला जवळ बसवून त्याच्या शाळेची चौकशी केली. नशा वगैरे काही नव्हती. ती फक्त पुन्हा आत्या झाली होती.

ज्या पदार्थाने तिला आजारी पाडलं तो लहान मुलाच्या हातात मिळत होता. ज्या पदार्थाने तिला आराम पडला त्यासाठी पाचशे किलोमीटर जावं लागलं. दोन्ही गोष्टी एकाच देशाच्या कायद्यांनुसार घडल्या.

माझ्या कामाच्या भाषेत सांगतो. समजा तुम्ही स्पॅम फिल्टर लिहिताय. तो फार सैल ठेवला तर फसवे मेल आत येतात. फार घट्ट केला तर नोकरीचं ऑफर लेटर स्पॅममध्ये जातं. दोन्ही चुका शून्यावर आणता येत नाहीत, एक कमी केली की दुसरी वाढते. म्हणून आम्ही आधी विचारतो, की कोणती चूक कोणाला किती महागात पडते? एनडीपीएस करताना पहिल्या चुकीचा हिशोब झाला, कारण ती दिसते. नशेत रस्त्यावर पडलेला मुलगा वर्तमानपत्रात येतो. माजघरात कण्हणारी म्हातारी येत नाही. तिचा मोर्चा निघत नाही, आणि चार महिन्यांनी तक्रार करायला ती उरतही नाही. जी चूक दिसत नाही ती करत राहणं सोपं असतं.

यावर एक जोरदार आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. अमेरिकेत फिल्टर सैल झाला तेव्हा काय झालं? १९९६ मध्ये पर्ड्यू कंपनीने ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणलं आणि याने व्यसन लागण्याचा धोका कमी आहे असं डॉक्टरांना पटवलं. पाठदुखीसाठीही ते लिहून दिलं जाऊ लागलं. पुढच्या दोन दशकांत ओपिऑइड्सच्या अतिसेवनाने तिथे लाखो माणसं मेली. पर्ड्यूच्या संलग्न कंपनीने २००७ मध्ये आणि खुद्द पर्ड्यूने २०२० मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. मग आपल्याकडचा घट्टपणाच बरा नाही का?

मला तसं वाटत नाही. तिथे घात झाला तो मरणाऱ्या माणसाला मॉर्फिन दिल्याने नव्हे. औषध हा विक्रीच्या टार्गेटचा विषय झाला आणि देखरेख करणारे बघत राहिले, म्हणून झाला. केरळमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी याच भारतात वेगळी वाट दाखवली. प्रशिक्षित डॉक्टर, नीट नोंदी, घरी जाणारे स्वयंसेवक आणि तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या स्वस्त गोळ्या. त्यांच्यासारख्यांच्या अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिनसारख्या अत्यावश्यक औषधांसाठी परवान्यांची साखळी तुटली आणि मान्यताप्राप्त संस्थेला एकाच परवानगीवर ती ठेवता येऊ लागली. म्हणजे माझ्या आत्याच्या वेळी कागदावरचा कायदा पाच वर्षांपूर्वीच सुधारला होता. सुधारली नव्हती ती दुकानदाराची नजर. कायदा एका दिवसात बदलतो, पण त्याने तीस वर्षं पेरलेली भीती तशी बदलत नाही.

या भीतीमागे एक घोटाळाही आहे. शरीराला सवय होणं आणि व्यसन लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शनिवारी ऑफिसची कॉफी चुकली की माझं डोकं दुखतं. ही सवय झाली. कॉफीसाठी मी आईच्या पाकिटातले पैसे चोरू लागलो, नोकरी घालवली, तरी थांबलो नाही, तर ते व्यसन. वेदनेसाठी मॉर्फिन घेणाऱ्याच्या शरीराला सवय होते, म्हणून ते एकदम बंद करत नाहीत, हळूहळू कमी करतात. त्याला 'गर्दुल्ला' म्हणणं हे अज्ञान आहे, आणि क्रूरही.

आणि जो खरोखर व्यसनात अडकलाय त्याचं काय? तोही मला रुग्णच वाटतो. आपल्या कायद्यालाही हे अर्धवट कळलंय. कलम २७ नुसार सेवन करणं हाच गुन्हा आहे, आणि कलम ६४अ नुसार स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट मिळू शकते. एका हातात बेडी आणि दुसऱ्या हातात औषध असेल तर माणूस जवळ येईल कसा? पोर्तुगालने २००१ मध्ये स्वतःपुरता साठा बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं. विकणं तिथे आजही गुन्हाच आहे, पण घेणाऱ्याला न्यायालयाऐवजी एका समितीसमोर नेतात. तिथे त्याच्याशी उपचाराबद्दल बोललं जातं. त्याने सगळे प्रश्न सुटले असं नाही, पण ज्या प्रलयाची भीती घातली जात होती तो आला नाही.

याचा अर्थ सगळं खुलं करा असाही नाही. जो देश तंबाखूच्या कंपन्यांना नीट आवरू शकत नाही, त्याने आणखी एक नशा जाहिरातदारांच्या हाती देऊ नये. उलट बाजूने, नुसत्या बंदीवरही माझा विश्वास नाही. गुटखाबंदी महाराष्ट्रात २०१२ पासून आहे आणि पुड्या कुठे मिळतात ते शाळेतल्या पोरांना माहीत आहे. २०१५ मध्ये मालवणीच्या विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं मेली. ज्यांना परमिट रूम परवडत नाही, तीच माणसं ती दारू पितात.

माझं म्हणणं एवढंच, की विकणारा, घेणारा आणि वेदनेने तळमळणारा ही तीन वेगळी माणसं आहेत. कायद्याने पहिल्यावर डोळे वटारावेत, दुसऱ्यासाठी दार उघडं ठेवावं आणि तिसऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हावं. आज पुष्कळदा याच्या उलट होतं. सगळ्यात जास्त अडतो तो तिसरा, कारण चोरवाटा माहीत नसणारा तोच असतो.

तुमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात एकदा विचारून बघा, इथे मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात का. घरात कोणी आजारी नसताना विचारा, म्हणजे उत्तर ऐकून घ्यायला आणि नसेल तर पाठपुरावा करायला वेळ असेल. तो वेळ आपल्यापैकी बहुतेकांकडे आज आहे.