डोंगर नेम धरत नाही

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. यंत्रं पायथ्याशीच राहिली आणि माणसं फावडी-घमेली घेऊन भर पावसात निसरडी वाट चढली. त्यात एनडीआरएफचे जवान होते, तसे खोपोली-पनवेलकडचे डोंगर भटकणारे आणि आजूबाजूच्या वाड्यांतले ठाकूर आदिवासीही होते. मदतीला निघालेला नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी त्या चढणीवरच हृदयविकाराच्या झटक्याने गेला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं ढिगाऱ्याखालीच राहिली. वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत का नव्हती, याचा जाब सरकारला विचारायलाच हवा. पण त्या अधिकाऱ्याच्या मरणाचा जाब चढणीला विचारता येत नाही. डोंगर कुणावर नेम धरत नाही.

मूळचे नागपूरचे आणि पुण्यात स्थायिक झालेले वैभव काळे यांचं मरण या जातीचं नाही. २०२२मध्ये भारतीय लष्करातून मुदतीआधी निवृत्त होऊन ते संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात गेले. गाझात रुजू होऊन त्यांना पुरता महिनाही झाला नसेल; १३ मे २०२४ रोजी युरोपियन रुग्णालयाकडे जाताना त्यांच्या गाडीवर मारा झाला. गाडीवर संयुक्त राष्ट्रांची खूण ठळक होती. मारा इस्रायली रणगाड्यातून झाला असावा, असं संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं. गाडीचा मार्ग आम्हाला कळवलेला नव्हता, असं इस्रायली लष्कराचं म्हणणं. आपण हळहळलो, ‘धोक्याच्या जागी गेले होते हो’ म्हणालो, आणि विषय मिटला. माझी तक्रार या हळहळीबद्दलच आहे. तिच्यात गोळा पावसासारखा आभाळातून पडतो. तो डागणारा कुणी उरतच नाही. गेलेल्याच्या धैर्याचे गोडवे गायले की मारणाऱ्याची चौकशी आपोआप मागे पडते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: अतिरेकी रुग्णवाहिकांच्या आडून वावरतात, मग सैनिकाने करायचं काय? आक्षेप पोकळ नाही, असा गैरवापर हाही युद्धगुन्हाच. पण जिनिव्हा करारांनी आणि त्यांच्या पूरक प्रोटोकॉलने ही शक्यता धरूनच नियम केलेत. रुग्णालयाचा गैरवापर होत असेल, तर आधी इशारा द्यायचा, शक्य तिथे मुदत द्यायची. माणूस लढणारा की साधा, अशी शंका असेल तर त्याला साधाच मानायचं. म्हणजे संशयाचा फायदा गाडीत बसलेल्याला, बंदूकवाल्याला नाही. शिवाय प्रत्यक्षात घडलं काय ते पाहा. १ एप्रिल २०२४ला गाझात अन्न पोहोचवणाऱ्या ‘वर्ल्ड सेंट्रल किचन’ या संस्थेचे सात जण इस्रायली माऱ्यात मारले गेले, त्यांचा प्रवास इस्रायली लष्कराला आधी कळवलेला होता. २३ मार्च २०२५ला रफामध्ये इस्रायली गोळीबारात रुग्णवाहिका आणि बचावपथकांतल्यांसह पंधरा मदतनीस मारले गेले. गाड्या दिवे न लावता संशयास्पद येत होत्या, असा लष्कराचा पहिला खुलासा. मग मृतांपैकी एकाच्या मोबाइलमधलं चित्रण बाहेर आलं. त्यात गाड्यांचे दिवे चालू दिसतात. खुलासा बदलावा लागला. तो मोबाइल सापडलाच नसता तर?

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. हजारो सामान्य माणसं मरत असताना मदतनिसांचाच वेगळा शोक कशाला? एका जिवाची किंमत दुसऱ्यापेक्षा जास्त नाही, हे खरंच. तसंही जगभर मारले जाणारे बहुतेक मदतनीस त्याच भूमीतले असतात. २०२४मध्ये जगभरात एकूण ३८३ मदतनिसांचा जीव गेल्याची संयुक्त राष्ट्रांची नोंद आहे. फरक पडतो तो पुढे. ‘वर्ल्ड सेंट्रल किचन’च्या त्या सात जणांनंतर संस्थेने काम थांबवलं आणि सुमारे २४० टन अन्न न उतरवताच जहाजं सायप्रसला परतली. त्या धान्याची वाट पाहणाऱ्यांची नावं कुठल्याच यादीत येत नाहीत.

आणि मदतीला गेलेल्यांवर धावून जाणं दूरच्या युद्धापुरतंच आहे असंही नाही. एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या सारणीजवळ आदिवासींच्या मदतीला गेलेल्या एका डॉक्टरच्या गाडीवर जमाव धावून गेला, सोडवायला आलेल्या पोलिसांवरही. रात्री चोर फिरतात, अशी अफवा होती. ते बचावले. दोनच दिवसांनी गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच जमावाच्या हाती सापडले आणि ठार झाले. इर्शाळवाडीच्या रात्री वर चढणाऱ्या अनोळखी माणसांना कुणी ‘तुम्ही कोण’ म्हणून अडवलं नव्हतं.