मादेरोंची गीता आणि क्षमेचा अधिकार

फ्रान्सिस्को मादेरो (1873–1913) यांना मेक्सिकोच्या इतिहासात पोर्फिरिओ दीआस यांची प्रदीर्घ सत्ता उलथवणारे लोकशाहीवादी राष्ट्राध्यक्ष म्हणून मान आहे. परंतु त्यांनीच 1911 मध्ये ‘भीम’ या टोपणनावाने परलोकविद्येवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली आणि भगवद्गीतेवर भाष्यही लिहिले, हे भारतीय वाचकाला सहसा ठाऊक नसते. कोआविला प्रांतातील धनाढ्य जमीनदार घराण्यात जन्मलेल्या मादेरोंची पॅरिसमध्ये शिकत असताना आलाँ कार्देक यांच्या ग्रंथांशी ओळख झाली. मृतांचे आत्मे जिवंतांशी संवाद साधतात आणि अनेक जन्मांतून प्रत्येक जीवाची नैतिक उन्नती होत जाते, ही कार्देकप्रणीत परलोकविद्येतील मुख्य श्रद्धा होय. मायदेशी परतल्यावर बालपणीच दगावलेल्या भावाचा आत्मा आपल्या हातून संदेश लिहवून घेतो, असे मादेरो मानू लागले आणि त्यांनी मद्य व मांस वर्ज्य केले.

या श्रद्धेची थट्टा करणे सोपे आहे, पण तेवढ्याने त्यांच्यापुढचा खरा प्रश्न सुटत नाही. सर्व जीव उन्नतीच्या एकाच वाटेवर आहेत असे मानणाऱ्या माणसाने त्यांतल्या काहींवर शस्त्र का व कसे उगारावे, हा तो प्रश्न होता. 1910 च्या निवडणुकीआधी दीआस यांनी त्यांना तुरुंगात टाकले. जामिनावर सुटल्यावर निसटून टेक्सासला पोहोचताच त्यांनी 20 नोव्हेंबर 1910 रोजी जनतेने उठाव करावा, असे आवाहन केले. फळाची आसक्ती सोडून कर्तव्य म्हणून कर्म करावे, हा गीतेतील निष्काम कर्माचा विचार त्यांना जवळचा वाटला, यात नवल नाही. त्याच हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लोकमान्य टिळक ‘गीतारहस्य’ लिहीत होते. दोघांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. तरीही निर्वैर असणे म्हणजे प्रतिकार सोडणे नव्हे, हे टिळकांनी आग्रहाने मांडलेले प्रतिपादन मादेरोंच्या चरित्राला कसोटी म्हणून लावता येते.

मे 1911 मध्ये अमेरिकेच्या सीमेवरचे सिउदाद हुआरेस शहर क्रांतिकारकांच्या हाती पडले, तेव्हा बंदिवानांना ठार केल्याचा आरोप असलेल्या दीआस यांच्या फौजेतील जनरल नाव्हारो यांना शिक्षा व्हावी, असा ओरोस्को व व्हिया या सेनानींचा आग्रह होता; मादेरोंनी मात्र नाव्हारोंना स्वतः सीमेपर्यंत पोहोचवले. शरण आलेल्या शत्रूला सूडापासून वाचवणारी ही कृती उदात्त होती, असेच म्हणावे लागते, जरी मारल्या गेलेल्यांच्या आप्तांना न्याय मिळाला नाही ही उणीव तिच्यात राहिलीच. मादेरो राष्ट्राध्यक्ष झाल्यानंतरचा फेब्रुवारी 1913 मधील प्रसंग निराळा होता. राजधानीत बंड पेटले असताना सरकारी फौजेचे प्रमुख व्हिक्टोरियानो वेर्ता बंडखोरांना सामील झाल्याच्या संशयावरून मादेरोंचे बंधू गुस्ताव्हो यांनी त्यांना पकडून समोर उभे केले. मादेरोंनी वेर्तांच्या शब्दावर विश्वास ठेवला, त्यांना सोडले आणि फौजही त्यांच्याच ताब्यात राहू दिली.

येथे क्षमा आणि अधिकार यांची गल्लत झाली. स्वतःवर झालेला अपराध पोटात घालण्याचा हक्क प्रत्येकाला असतो. परंतु ज्याच्यावर इतरांच्या रक्षणाची जबाबदारी आहे, त्याला त्यांच्या वतीने तसा धोका पत्करता येत नाही. गीतेतील लोकसंग्रह, म्हणजे समाजाची घडी विस्कटू न देण्यासाठी करावयाचे कर्म, राज्यकर्त्याकडून निर्मळ मनाबरोबरच डोळस दक्षतेचीही अपेक्षा करते, आणि वेर्तांना संशय फिटेपर्यंत तरी पदावरून दूर ठेवण्यासाठी द्वेषाची गरज नव्हती. गुस्ताव्हो दोन दिवसांच्या आत छळ होऊन मारले गेले, 22 फेब्रुवारीला मादेरो व उपराष्ट्राध्यक्ष पिनो सुआरेस यांची हत्या झाली, आणि वेर्तांच्या हुकूमशाहीविरुद्ध पेटलेले युद्ध, ती हुकूमशाही कोसळल्यानंतरही, क्रांतिकारकांच्या आपसांतील लढायांच्या रूपाने कित्येक वर्षे चालू राहिले.