आपल्यासाठीची मीटिंग कोणती?

वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. गांधीजी १९३६ साली इथे सेवाग्रामला राहायला आले. त्या भूमीत दारूचं दुकान नको, ही त्यामागची भावना. तरीही दारू मिळते आणि तिच्यात अडकलेली माणसंही आहेत, हे वर्धेकराला वेगळं सांगावं लागत नाही. बंदीचा एक परिणाम मात्र फारसा बोलला जात नाही. इथे ‘मला दारू सुटत नाही’ असं म्हणणं आजार सांगण्यासारखं कमी आणि गुन्हा कबूल करण्यासारखं जास्त वाटतं.

माझा एक मित्र काही महिने मीटिंग शोधत होता. (त्याची परवानगी घेऊन, खुणा बदलून लिहितोय.) मीटिंग म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, एए म्हणतात ती. दारू सोडू पाहणारी माणसं एकत्र बसतात, आपापलं सांगतात, दुसऱ्याचं ऐकतात. फी नाही, आडनावाची गरज नाही. मी कधी फोन करायचो, कधी त्याच्यासोबत जायचो.

जवळची मीटिंग त्याला नको होती, ओळखीचं कोणी दिसेल म्हणून. नागपूरला गेलो तर सगळे हिंदीत बोलत होते. बाहेर आल्यावर म्हणाला, “माह्या मायची गोष्ट हिंदीत सांगू कसा?” शेवटी प्रार्थना झाली, तीही त्याला खटकली, तो बौद्ध, देव मानत नाही. मोबाइलवरची मीटिंग सोयीची, पण घर दोन खोल्यांचं. आणि एकदा म्हणाला, “तिथले लोक लईच बेकार पीत होते बे. मी तसा नाही.”

या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबलो. एएची एक परंपरा सांगते की सदस्य होण्यासाठी एकच अट आहे: दारू सोडण्याची इच्छा. जात, पगार, किती प्यायचास, काही विचारलं जात नाही. जी खोली तुम्हाला एवढ्यावर आत घेते, तिला ‘तू माझ्यालायक नाहीस’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे का?

मला वाटतं, आहे. पण सगळ्या कारणांसाठी नाही. भाषा हे खरं कारण आहे. सगळे पुरुष असलेल्या खोलीत एकट्या बाईला बोलावंसं न वाटणं खरं आहे. छोट्या गावात बातमी फुटण्याची भीतीही खरी आहे. ही कारणं माणसाला खरं बोलू देत नाहीत. ‘हे लोक माझ्यासारखे नाहीत’ हे कारण उलटं आहे. ते माणसाला खरं बोलण्यापासून वाचवतं. दारूला वकील लागलाच, तर तो हेच वाक्य बोलेल. म्हणून मीटिंग बदलण्याआधी एवढंच विचारावं: दुसरीकडे मी जास्त खरं बोलेन, की जास्त लपेन?

देवाचं काय? एएच्या पायऱ्यांमध्ये देव आहे, पण ‘आम्हाला जसा उमगला तसा’ या सवलतीसह. कित्येक जण समोर बसलेल्या गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात. मित्राची अडचण वेगळीच निघाली. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याचीही एक आहे. प्रत्येक घोटाला आपण शब्द मोडतोय, हे ओझं तो वाहत होता. प्रतिज्ञा जन्मभराची असते. मीटिंगमध्ये म्हणतात, फक्त आजचा दिवस. मला यात विरोध दिसत नाही. जन्मभराचा शब्द पाळायचा तर तो एकेका दिवसानंच पाळला जातो.

एएची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात झाली. धंद्यात फटका बसलेला, नुकतीच दारू सोडलेला बिल नावाचा माणूस हॉटेलात एकटा होता आणि बाजूलाच बार होता. त्यानं फोन फिरवून दुसरा दारुडा शोधला. तो भेटला एका डॉक्टरच्या रूपात. बिल त्याला सुधारायला गेला नव्हता. त्याच्याशी बोललो तर आज मी पिणार नाही, म्हणून गेला होता.

हे कळल्यावर माझा प्रश्नच फिरला. ‘ही मीटिंग माझ्यासाठी योग्य आहे का?’ हा अर्धा प्रश्न आहे. उरलेला अर्धा असा: इथे माझं खरं कुणाच्या तरी कामाला येईल का? ‘लईच बेकार’ पिणाऱ्यांनाही समोर ऐकणारा माणूस हवाच असतो.

मीटिंग म्हणजे दवाखाना नव्हे, हेही सांगायला हवं. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर गाठावा. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय.

मित्र आता नागपूरला जातो. एका रविवारी त्यानं वऱ्हाडीतच बोलायला सुरुवात केली. कुणी अडवलं नाही. मीटिंग संपल्यावर एक म्हातारा जवळ आला आणि म्हणाला, “पुढच्या रविवारी ये बाप्पा. मलेबी हिंदीत जमत नाही.”