सम्यक आजीव आणि कागदावरचा व्यापार

पाली त्रिपिटकातील अंगुत्तर निकायात ‘वणिज्जा सुत्त’ नावाचे एक अगदी छोटे सूत्र आहे आणि उपासकाने, म्हणजे घरसंसार सांभाळून धम्म आचरणाऱ्या गृहस्थाने, कोणते पाच व्यापार करू नयेत एवढेच त्यात सांगितले आहे: शस्त्रांचा, जिवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. यांतील ‘जिवांचा’ या पदाचा अर्थ अट्ठकथा, म्हणजे परंपरेने जपलेले टीकाग्रंथ, माणसांची खरेदी-विक्री असा लावतात. ही यादी भिक्षूंसाठी नाही. ज्याला पैसा मिळवावाच लागतो त्याच्यासाठी ती आहे, आणि म्हणूनच अष्टांगिक मार्गातील ‘सम्यक आजीव’ या अंगाचा, म्हणजे कोणावर अन्याय न करता पोट भरण्याच्या नियमाचा, विचार या सूत्राशिवाय पुरा होत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आंतरराष्ट्रीय कायदाही पुष्कळ अंशी याच वाटेने गेलेला दिसतो. धोकादायक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीवर निर्बंध घालणारा बाझल करार 1989 मध्ये झाला, घातक रसायने व कीटकनाशके यांच्या व्यापाराविषयीचा रॉटरडॅम करार 1998 मध्ये, माणसांच्या तस्करीविरुद्धचा पालेर्मो प्रोटोकॉल 2000 मध्ये आणि शस्त्रव्यापार करार 2013 मध्ये झाला. दोहोंत एक मूलभूत फरक मात्र आहे. सूत्र व्यक्तीला उद्देशून बोलते, तर हे करार राज्यांना बांधतात, आणि राज्य व व्यक्ती यांच्यामध्ये आज एक तिसरा माणूस उभा आहे, ज्याची कल्पना त्या सूत्रात नाही.

हा तिसरा माणूस म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापाराचा कायदा व व्यवहार जाणणारा व्यावसायिक. बारावीनंतर पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम करून, किंवा वाणिज्य शाखेची पदवी घेऊन पुढे दिल्लीच्या भारतीय विदेश व्यापार संस्थेसारख्या ठिकाणी शिकून, विद्यार्थी या क्षेत्रात येतात आणि मग त्यांच्या वाटा फुटतात. कोणी सीमाशुल्काची परीक्षा देऊन कस्टम्स ब्रोकरचा परवाना मिळवतो व न्हावा-शेवा बंदरातून जाणाऱ्या मालाची कागदपत्रे सांभाळतो. कोणी विधी-कंपनीत बसून विक्रीचे, वाहतुकीचे, विम्याचे करार लिहितो. कोणी आंतरराष्ट्रीय लवादात, म्हणजे दोन्ही पक्षांनी संमतीने नेमलेल्या खासगी पंचांसमोर, बाजू मांडतो. कोणी भारतीय व्यापार सेवेत जाऊन अधिसूचनांचे मसुदे करतो, तर कोणी जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेच्या तंट्यांत एखाद्या देशाचा सल्लागार होतो. करिअर मार्गदर्शनाच्या मेळाव्यांत या वाटांची माहिती भरपूर मिळते; पण ज्या व्यवहारात आपण स्वतः काही विकत नाही आणि विकतही घेत नाही, केवळ त्याचा कागद तयार करतो, त्या व्यवहाराच्या बऱ्यावाइटाशी आपला संबंध कोणता, हा प्रश्न तिथे कोणी उपस्थित करत नाही. हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे आणि भारतीय परंपरेत त्याची उत्तम हत्यारे उपलब्ध आहेत.

त्यांपैकी पहिले म्हणजे कर्तृत्वाची त्रिविध मांडणी. पतंजलींची योगसूत्रे आणि जैन आचार्य उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र या दोन्ही ग्रंथांत कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केलेल्याला संमती दिलेले, असे कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि तिन्हींचे उत्तरदायित्व माणसाकडे येते असे मानले आहे. जैन परंपरा व्यापाराच्या बाबतीत तर याहून पुढे गेली. श्रावकाने, म्हणजे गृहस्थ जैनाने, टाळायचे पंधरा व्यवसाय तिने ‘कर्मादान’ या नावाखाली मोजून दिले आणि त्यांत विषाच्या व हस्तिदंताच्या विक्रीबरोबर जंगल तोडणे, तळी आटवणे, वणवा लावणे अशा कामांचाही समावेश केला. ज्या समाजाचे मोठे अंग पिढ्यान्‌पिढ्या व्यापारात होते त्याच समाजाने ही यादी जपली, ही गोष्ट विशेष मोलाची आहे, कारण व्यापाराचा तिटकारा असलेल्यांनी लादलेला हा नियम नव्हे. व्यापार करणाऱ्यांनी स्वतःपुरती आखून घेतलेली ती मर्यादा आहे.

कागद करणाऱ्याचे कर्म या तीन प्रकारांपैकी कशात बसते, हे एका खटल्याच्या आधारे नीट पाहता येते. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 1957 मध्ये निकाली काढलेल्या ‘ब्राउन जेन्किन्सन विरुद्ध पर्सी डाल्टन’ या प्रकरणात लंडनहून हॅम्बुर्गला संत्र्याच्या रसाची शंभर पिंपे जायची होती. धक्क्यावर माल मोजणाऱ्या कारकुनाला पिंपे जुनाट, कमकुवत आणि काही गळकी दिसली आणि त्याने तशी नोंद केली. बिल ऑफ लेडिंग म्हणजे माल जहाजावर कोणत्या स्थितीत चढला हे सांगणारी वाहतूकदाराची पावती. तिच्यावर दोषाची नोंद नसेल तर ती ‘क्लीन’ समजली जाते, आणि खरेदीदाराची बँक लेटर ऑफ क्रेडिटचे, म्हणजे बाजाराच्या बोलीत एलसीचे, पैसे अशाच पावतीवर मोकळे करते. माल पाठवणाऱ्याला क्लीन पावती हवी होती, म्हणून त्याने पुढे काही नुकसान झाले तर भरून देण्याची लेखी हमी जहाजवाल्यांना दिली आणि त्यांनी, धंद्यात असे चालतेच या समजुतीने, माल वरकरणी उत्तम स्थितीत असल्याची पावती देऊन टाकली. हॅम्बुर्गला पिंपे गळत पोहोचली, जहाजवाल्यांना भरपाई द्यावी लागली आणि हमीचे पैसे मागताच माल पाठवणाऱ्याने हात वर केले. न्यायालयाने बहुमताने ठरवले की जे खोटे आहे हे ठाऊक असूनही दुसऱ्याने त्यावर विसंबावे म्हणून लिहिले गेले, त्याच्या मोबदल्यात दिलेली हमी न्यायालय अमलात आणून देणार नाही.

या प्रकरणात कोणी सराईत लबाड नव्हते. वहिवाटीने चालत आलेली एक सोय सर्वांनी केली होती, आणि नेमके याच कारणासाठी तरुण व्यावसायिकाने ते अभ्यासावे. पावतीवर सही करणाऱ्याने रस विकला नाही, पिंपेही बनवली नाहीत. पण त्याच्या सहीशिवाय फसवणूक पुरी झालीच नसती. मालाचा मालक फार तर खोटे बोलू शकतो, परंतु त्या खोट्याला परक्या देशातील बँकेच्या लेखी सत्याचा दर्जा मिळतो तो त्रयस्थाच्या कागदाने. म्हणून कागद करणाऱ्याचे कर्म केवळ अनुमोदनाचे आहे असे म्हणून भागत नाही; कित्येकदा ते स्पष्टपणे ‘कृत’ असते.

यावर स्वधर्माच्या आधारे एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. ज्याने त्याने आपल्या वाट्याला आलेले काम निष्ठेने व फळाची आसक्ती न धरता करावे, ही गीतेची शिकवण. मग अशिलाचे हित जपणे हा वकिलाचा स्वधर्म ठरतो आणि व्यवहाराची नीती पाहणे हे राज्यकर्त्यांचे व न्यायाधीशांचे काम ठरते, असा हा युक्तिवाद आहे. गीता मात्र ज्या महाभारतात आहे त्याच महाभारताच्या शांतिपर्वात तुलाधार आणि जाजली यांचा संवादही आहे. दीर्घ तप केलेल्या जाजलीला धर्म समजून घेण्यासाठी वाराणसीच्या एका व्यापाऱ्याकडे जावे लागते आणि तो व्यापारी त्याला स्वतःच्या दुकानदारीची रीत सांगतो: तो नाना प्रकारचा माल विकतो पण मद्य विकत नाही, त्याचा तराजू सर्वांसाठी सारखा असतो, आणि प्राणिमात्रांचा अजिबात द्रोह न करता किंवा, ते अशक्य असेल तेव्हा, कमीत कमी द्रोह करून जगणे हा त्याच्या मते श्रेष्ठ धर्म आहे. ‘अल्पद्रोह’ ही कल्पना फार मोलाची आहे, कारण व्यापारात कोणाचेच कधीच नुकसान होणार नाही अशी भाबडी अपेक्षा ती ठेवत नाही. पण आपल्या हातून किती आणि कोणाचे नुकसान होते याचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी ती काम करणाऱ्यावरच टाकते. तुलाधाराचा स्वधर्म व्यापार हाच आहे, आणि त्यातच नकाराचाही अंतर्भाव आहे.

येथे एक भेद करावा लागतो, जो या व्यवसायाविषयीच्या लोकांच्या समजुतीपेक्षा वेगळा आहे. सर्वसाधारण समज असा की न्यायालयात वाईट माणसाची बाजू मांडणारा वकील नैतिकदृष्ट्या अधिक अडचणीत असतो आणि कार्यालयात बसून करार लिहिणारा सल्लागार त्या मानाने सोवळा राहतो. वास्तविक स्थिती उलट आहे. तंट्यात दुसऱ्या पक्षालाही वकील असतो, पुरावा तपासला जातो आणि निर्णय तिसराच कोणी देतो. एका बाजूने जोरकस बोलल्याने सत्याची वाट बंद होत नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेचे नियमही वकिलाने, विशेष कारण नसेल तर, योग्य शुल्कावर आलेले काम स्वीकारावे असे सांगतात, कारण बचावाचा हक्क अप्रिय माणसालाही असतो. करार लिहिताना मात्र टेबलाभोवती दोनच पक्ष असतात आणि ज्याच्यावर त्या कराराचे परिणाम होणार तो बहुधा तिथे नसतो. सल्लागाराला काम नाकारण्याची मोकळीक असते, त्याच्या चुकीकडे बोट दाखवणारा प्रतिपक्ष समोर नसतो, आणि त्यामुळे त्याच्या विवेकाचे वजन अनेक पटींनी वाढते.

उदाहरणार्थ, फ्रान्सची ‘क्लेमांसो’ ही निवृत्त विमानवाहू नौका तोडण्यासाठी गुजरातेतील अलंगकडे निघाली तेव्हा तिच्या पोटात ॲस्बेस्टॉस होते, आणि तिला युद्धसामग्री समजायचे की बाझल कराराखालचा कचरा, हा वाद कायद्याच्या कागदावर लढला गेला. फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2006 रोजी हस्तांतरण स्थगित केले आणि नौका परत फिरली. पण न्यायालयापर्यंत कोणी पोहोचले नसते तर पहिल्या मसुद्यातील वर्गीकरणच अंतिम ठरले असते आणि उघड्या हातांनी पत्रे कापणाऱ्या मजुरांना त्याचा पत्ताही लागला नसता. सरकारी मसुद्यालाही हेच लागू होते. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराचे अकरावे कलम अन्नाच्या गंभीर टंचाईच्या काळात तात्पुरत्या बंदीला वाव देते, त्यामुळे आंतरराष्ट्रीय कायद्यात अशा निर्णयाच्या समर्थनाला आधार सापडतो, परंतु बंदीची वेळ, मुदत आणि वाटेत असलेल्या मालाची सोय ठरवताना लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर उभा करून बसलेला शेतकरी त्या खोलीत नसतो. शहरातील गरिबाचे अन्न महाग होऊ नये हे कारण खोटे नाही. म्हणूनच अल्पद्रोहाचा हिशेब तिथे अवघड होतो आणि तो करणारा अधिकारी कुशल असावा लागतो.

या क्षेत्रात असे काम कसे करता येते याचे एक उदाहरण मोहनदास करमचंद गांधी यांच्या उमेदवारीच्या काळात मिळते. दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या व्यापारी दाव्यासाठी ते 1893 मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले. सुमारे 40,000 पौंडांचा हा दावा वचनचिठ्ठ्या आणि हिशेबाच्या गुंतागुंतीवर उभा होता, म्हणून त्यांनी आधी जमाखर्च शिकून घेतला व मग सत्य आपल्या अशिलाच्या बाजूने आहे अशी खात्री करून घेतली. दावा लांबला तर दोन्ही पक्ष, जे एकमेकांचे नातेवाईकही होते, खर्चातच बुडतील हे पाहून त्यांनी लवाद मान्य करवला. निवाडा दादा अब्दुल्लांच्या बाजूने सुमारे 37,000 पौंड व खर्च असा लागला, पण ती रक्कम एकदम द्यावी लागली असती तर प्रतिपक्षाचे तय्यब शेठ दिवाळखोर झाले असते. तेव्हा जिंकलेल्या अशिलाला लांब मुदतीचे हप्ते घ्यायला राजी करणे हे गांधींनी आपले काम मानले आणि ते लवादापेक्षाही कठीण गेले. हरलेल्या पक्षाला जगू देण्याची ही तजवीज अशिलाच्या हिताविरुद्ध नव्हती. कौशल्य कमी असते, जमाखर्च कळत नसता, तर केवळ सद्‌भावनेने ती साधली नसती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बॅरिस्टरीबरोबर रुपयाच्या विनिमयाचा प्रश्न खोलवर अभ्यासला आणि पुढे बुद्धाच्या धम्माचे विवरण करताना इतरांना इजा न करता व अन्याय न करता मिळवलेली उपजीविका म्हणजे सम्यक आजीव असा अर्थ दिला. त्यांच्याही बाबतीत तज्ज्ञता आणि नीती या वेगळ्या खात्यांत पडलेल्या दिसत नाहीत.

विधी महाविद्यालयांत अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धा गाजतात आणि विद्यार्थी दोन्ही बाजूंनी बोलायला शिकतो, ही चांगली गोष्ट आहे. पण करारलेखनाच्या तासाला गैरहजर पक्षाची भूमिका कोणाला दिली जात नाही. ती एका विद्यार्थ्याला द्यावी आणि त्याच्यासमोर रॉटरडॅम करार ठेवावा. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि त्या वेळी ज्या रसायनांची नावे पुढे आली त्यांपैकी काहींना युरोपात वापराची परवानगी उरलेली नव्हती. रॉटरडॅम करारात एखादे रसायन आयातदार देशाच्या पूर्वसंमतीच्या यादीत घालायला सर्व सदस्य देशांचे एकमत लागते, त्यामुळे मोजक्या देशांच्या विरोधानेही नोंद वर्षानुवर्षे अडते. क्रिसोटाइल ॲस्बेस्टॉसची नोंद तशीच अडून राहिली. त्याच करारात, निर्यात होणाऱ्या घातक रसायनाच्या वेष्टनावरील माहिती शक्य तेथवर आयात करणाऱ्या देशाच्या एखाद्या राजभाषेत असावी, एवढीच अपेक्षा आहे. पाठीवर पंप घेऊन कपाशीत उतरणाऱ्या मजुराला ती सूचना मराठीत आणि चित्रांसह मिळावी, तिचा खर्च विक्रेत्याने सोसावा आणि हातमोजे व मुखवटा डब्याबरोबरच द्यावा, असे कलम पुरवठ्याच्या करारात घालण्यापासून कोणताही आंतरराष्ट्रीय कायदा कोणाला अडवत नाही. ते कलम सुचवायला मसुदा लिहिणाऱ्याची एक ओळ लागते, आणि अशिलाने ते खोडले तर पुन्हा सुचवायला दुसरी.