पाषाणाचा खातेदार

सरदार सरोवराचे पाणी चढल्यापासून अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीच्या परिसरात ज्या टेकड्यांचे टापू झाले, त्यांपैकी एकावर, हयातभर महसुली दप्तरात जमिनींच्या नोंदी करीत आलेल्या माझ्या वृद्ध वडिलांचा हात धरून मी होडीतून उतरलो, तेव्हा पायाखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळून थिजलेला लाव्हारस होय, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी तो तळहाताने चाचपला आणि विचारले, “मग ह्याचा पहिला खातेदार कोण रे?”

प्रश्न कचेरीतला खरा, परंतु तो थेट ईशावास्याच्या दारी नेतो. चराचर ईश्वराने व्यापलेले आहे, म्हणून परधनाचा लोभ धरू नये, असे सांगणारे ते उपनिषद आम्ही मुखोद्गत केले. त्याचा आचार मात्र मला सातपुड्यातील भिल्ल-पावरांच्या घरी दिसला, जेथे नवे धान्य देवाला अर्पण केल्यावाचून कोणी तोंडाला लावीत नाही. शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिर या जलाशयात गेले, तेव्हा देवासाठी अन्यत्र नवे देवालय उभे राहिले. पण भूमी ईश्वराची मानून जे तिच्याशी नम्रतेने वागले, त्यांचीच शेते प्रथम बुडावीत, ही गोष्ट माझ्या मते अधर्म्य आहे.