उपज फक्त मैफलीची नव्हे

‘शाळेतल्या संगीतशिक्षकाला उपज कशाला लागते? मोबाइलवर ट्रॅक लावावा, मुलांनी त्यावर गावं, कवितांच्या चाली पाठ व्हाव्यात.’ एका प्रशिक्षणात तज्ज्ञ म्हणून आलेल्या गृहस्थांनी हे ठामपणे सांगितलं आणि समोर बसलेल्या विशारद मुलामुलींनी माना डोलावल्या. गृहस्थांच्या बोलण्यापेक्षा त्या माना मला जास्त लागल्या. उद्या हीच मुलं सांगोला, आटपाडी, मंगळवेढ्याच्या शाळांत उभी राहणार आहेत.

त्या वर्गात काय घडतं? ट्रॅक काळी चारमध्ये वाजत असतो आणि दुसऱ्या बाकावरची मुलगी खाली, स्वतःच्या पट्टीत गात असते. ती बेसूर नाही. पण ट्रॅक तिच्यासाठी थांबत नाही आणि शिक्षक तिला ‘तू नुसत्या टाळ्या वाजव’ म्हणतो. तिथून तिचं गाणं संपतं. पेटीवर तिची पट्टी शोधून सगळ्या वर्गाला क्षणभर तिच्याकडे नेणं आणि मग तिला हळूहळू वर आणणं, चढत चाललेली लय केरव्याच्या ठेक्यावर पुन्हा धरणं, एखाद्याचा चुकीचा लागलेला स्वर उचलून त्याचाच खेळ करणं, हे सगळं आयत्या वेळी सुचावं लागतं. हीच उपज. मैफलीत गवय्याला निदान श्रोते आपणहून आलेले मिळतात.

विशारद होऊनही हे का येत नाही? तानांची वही हे पहिलं उत्तर. विनायकराव पटवर्धनांच्या ‘राग विज्ञान’च्या भागांत आलाप-ताना स्वरलिपीत छापलेल्या आहेत, विद्यार्थी त्या घोकतो, परीक्षकापुढे म्हणतो, पास होतो. इथवर आलं की सगळं खापर स्वरलिपीवर फोडावंसं वाटतं. पण विष्णु दिगंबर पलुस्करांचं काम नीट पाहिलं की ते तिथे टिकत नाही.

पलुस्कर कुरुंदवाडचे. ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. सांगोल्याहून रेल्वेने थेट गाठता येते ती ही मिरज, तंबोऱ्या-सतारींची. ५ मे १९०१ रोजी पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईत. त्यांचं सर्वांत मोठं काम मला ‘उपदेशक वर्ग’ वाटतं. संगीतशिक्षक घडवण्यासाठी वेगळा वर्ग हवा, हे त्यांनी त्या काळात ओळखलं. मुलं नऊ वर्षांच्या करारावर यायची, राहायची-जेवायची तिथेच. शिकता शिकता ती खालच्या वर्गांना शिकवायची. स्वरलिपी होती, पुस्तकं होती, शिस्त तर कडक होती. तरी त्या शाळेतून कोण बाहेर पडलं? ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर. ओंकारनाथांचा भावावेग आणि विनायकबुवांचा लयीचा हिशेब एका साच्यातले नाहीत. देवधरांनी तर पुढे कुमार गंधर्वांना शिकवलं, ज्यांचं गाणं कुणाच्याच वहीत मावलं नाही. पुस्तक उपज मारत असतं तर हे झालं नसतं.

पुस्तकाभोवती तिथे सहवास होता, रोज दुसऱ्याच्या गळ्याला तोंड देणं होतं. १९२४ मध्ये कर्जापायी मुंबईच्या इमारतीचा लिलाव झाला, १९३१ मध्ये मिरजेत पलुस्कर गेले. त्याच वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं राहिलं आणि परीक्षा गावोगाव पोचल्या. हे उपकारच आहेत. त्यांच्यामुळे लहान गावातल्या मुलींना गाणं शिकता आलं. पण पोचली ती वही आणि परीक्षा. नऊ वर्षांचं एकत्र राहणं पोचलं नाही, आणि त्याच्या जागी दुसरं काही आणावं असं कुणाला वाटलं नाही.

ते दुसरं काही सांगोल्याच्या वेशीत आहे. धनगरी ओवी म्हणणारा एकटा नसतो. तो ओळ टाकतो, साथीदार उचलतात. मध्येच गाणं थांबून कथा बोलण्यातून पुढे सरकते आणि पुन्हा सुरात शिरते. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं हा ऐवज ऐकण्यात घालवली. शिकणारा आधी मागे उभा राहून उचलायला शिकतो. कथेचा सांगाडा पक्का होतो, मग समोरची माणसं पाहून ती लांबवायची की आवरायची हे त्याला कळू लागतं. दिवाळीत हुलजंतीला धनगरांच्या महालिंगरायाच्या यात्रेत आमचे भावी शिक्षक जात असतील, पण अभ्यास म्हणून त्यांना कुणी नेत नाही. जिनिव्हाचे संगीतशिक्षक एमिल जाक-दाल्क्रोझ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच लय, कान आणि उत्स्फूर्त वादन असे तीन पाय शिक्षणाला दिले. आपल्याकडे तिसरा पाय माळावर चालत होता आणि आपण त्याला ‘लोककला’ म्हणून स्नेहसंमेलनापुरता ठेवला.

आक्षेप ठरलेला आहे: उपजेला गुण कसे द्यायचे? शिक्षक होणाऱ्याच्या प्रात्यक्षिकाला जवळच्या शाळेतली पाच मुलं बोलवा. त्यातल्या एकाने हवं ते सुरू करावं, उमेदवाराने ते पुढे न्यावं. पट्टी सापडली का, लय राहिली का आणि ते मूल दुसऱ्यांदा आपणहून गायलं का, एवढंच तपासा. परीक्षकांत एक खुर्ची ओवीकाराला द्या, आणि मानधन बाकीच्यांइतकंच.