पूर्वीसारखं राहिलं नाही

माणूस एकदा युरोपला जाऊन आला, की फोटो दाखवतो. दोनदा जाऊन आला, की मतं ऐकवतो. अस्मादिक दोनदा जाऊन आले असल्यामुळे आमचं मत असं, की युरोप आता पूर्वीसारखा राहिला नाही.

२००८ साली म्युनिकला मेहुण्याकडे गेलो होतो. साल्झबुर्ग पाहून आगगाडीनं परतताना ऑस्ट्रिया संपून जर्मनी कधी लागला, ते कळलंसुद्धा नाही. हिनं थालीपीठ हातात दिलं तेव्हा ऑस्ट्रिया होता, खाऊन संपलं तेव्हा जर्मनी! १९८५ साली शेंगेन गावाजवळ मोझेल नदीत, बोटीवर बसून पाच देशांनी सरहद्दीवरची तपासणी हळूहळू बंद करण्याचा करार केला, त्याचं हे फळ. "याला म्हणतात विश्वास!" मी हिला म्हणालो. आमच्या बँकेत एक रजिस्टर या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचं तर दोन सह्या लागतात.

२०२४ साली तीच गाडी, तीच ही, तसंच थालीपीठ. सरहद्दीपलीकडच्या पहिल्याच स्टेशनात पोलीस चढले. २०१५ साली निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा जर्मनीनं ही तपासणी पुन्हा सुरू केली, हे मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि तेलकट हातानं पासपोर्ट काढणं वेगळं. डबा भरलेला, पासपोर्ट मागितले ते आमचे दोघांचे आणि कोपऱ्यातल्या एका सावळ्या पोराचा. पोलीस सभ्य होता. त्यानं फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि 'थँक्यू' म्हणाला. पुढे म्युनिकपर्यंत मी मात्र उगाचच चोरासारखा बसून होतो.

हा किस्सा ऑफिसात मी महिनाभर रंगवून सांगितला. मग एक दिवस काउंटरवर एक आजी आल्या. पंचवीस वर्षांचं खातं. मी मान वर न करता म्हणालो, "आधारची झेरॉक्स?"

"अरे, मला ओळखत नाहीस का?"

"ओळखतो हो आजी, पण केवायसीचा नियम आहे."

आजींनी पिशवी उपसून कार्ड काढलं. मी फोटो पाहिला, आजींना पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि 'थँक्यू' म्हणालो. जाताना त्या मागच्या बाईंना म्हणाल्या, "बँक पूर्वीसारखी राहिली नाही हो."

नियम माझा नव्हता, पोलिसाचाही नव्हता. पण मान वर करून आधी "बसा आजी" म्हणायला कुठल्या सर्क्युलरनं मनाई केली होती?

युरोपच्या स्वभावाचं काय ते युरोप बघेल. आजींच्या बँकेचा स्वभाव मात्र दहा ते चार माझ्याच खुर्चीत बसलेला असतो.